लाल ठिपक्याच्या दिशेनं

मुजुमदार सर निवृत्त झाले म्हणून कॉलेज गौरव अंक काढतंय. त्यासाठी माझ्याकडे दोन पानं मागितली होती. "मॅडम, बस काहीतरी हृद्य लिहून द्या, आप तो इतकी वर्षं त्यांच्या बाजूलाच होता," असं संपादनाचं काम गळ्यात पडलेल्या तरुण प्राध्यापकानं मला सांगितलं. मी नाही म्हटलं. हृद्य म्हणावं असं माझ्याकडे काही नाही, आणि जे आहे ते गौरव अंकात कोणी छापणार नाही. पण विषय निघाला आणि डोक्यात बसला, म्हणून लिहून टाकते.

आमचं कॉलेज इंदूरला राऊच्या रस्त्यावर आहे. मी तिथे जीवरसायन शिकवते. जे काम कोणाला नको असतं ते माझ्याकडे येतं, तशी दोन विभागांत मिळून असलेली कल्चर रूमही माझ्याकडे आली. जिवंत पेशी डिशमध्ये वाढवायची ही खोली. तिच्यात स्वच्छता सांभाळावी लागते, किल्ली सांभाळावी लागते आणि लोकांचे मान-अपमानही सांभाळावे लागतात. शेवटचं काम मी केलं नाही. म्हणून मुजुमदार सर माझ्याबद्दल "त्या जरा कडक आहेत" असं म्हणत. त्यांच्या तोंडी हा दोष होता.

डॉ. यशवंत मुजुमदार. प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख, मेंदूच्या विकासाचे अभ्यासक, आणि ते सांगत त्याप्रमाणे दरबारात कारभारी असलेल्या गृहस्थांचे पणतू. ही तिसरी पदवी ते पहिल्या दोन्हींच्या आधी सांगत. "आमच्याकडे हुकूम द्यायची पद्धत आहे, विचारायची नाही," हे वाक्य मी विभागाच्या बैठकीत ऐकलंय, परीक्षेच्या वेळापत्रकावरून ऐकलंय, आणि एकदा कॅन्टीनमध्ये कचोरी संपल्याचं कळल्यावरही ऐकलंय. उंची बेताची, आवाज मोठा, केस काळेभोर. व्यासपीठावर ते इंग्रजी बोलत, शिपायांशी हिंदी बोलत, आणि मराठी त्यांनी आपल्या माणसांचा अपमान करण्यासाठी राखून ठेवली होती.

त्यांचा पांढरा कोट कायम कडक इस्त्रीचा असे. तो घालून ते कॅन्टीनला जात, प्राचार्यांकडे जात, पालकांना भेटत. कल्चर रूममध्ये शिरताना मात्र तो काढून बाहेरच्या खुंटीवर अडकवत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, आत काहीतरी सांडतं, कोट खराब होतो.

एका हिवाळ्यात आमच्या डिशांमध्ये बुरशी धरायला लागली. आठवड्यामागून आठवडा पेशी वाया जात होत्या. सरांनी चौकशी बसवली आणि पहिल्याच दिवशी निष्कर्षही काढला की मुलींच्या केसांतल्या तेलामुळे हे होतंय. दारावर सूचना लागली. मुली रोज केस धुऊन, डोक्याला टोपी लावून यायला लागल्या, दोघींना सर्दी झाली, आणि बुरशी होती तिथेच राहिली. मग मी एका सकाळी इन्क्युबेटर पूर्ण रिकामा करून पुसायला घेतला. पेशी उबेत ठेवायच्या त्या कपाटाच्या अगदी खालच्या खणात, मागच्या बाजूला, स्टीलचा डबा होता. आत पोहे, वर शेव, जीरावन मसाला भुरभुरलेला, आणि सगळं छान कोमट. सरांना थंड पोहे चालत नसत. डबा मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ते म्हणाले, "अरे वा, इथे होता का." सूचना पुढे वर्षभर दारावर होती. तेलाबद्दलची.

त्यांचं संशोधन कशावर होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गर्भात मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू घडत असतात, तेव्हा प्रत्येक चेतापेशीला एक लांब तंतू वाढवून दूरच्या कुठल्या तरी पेशीपर्यंत पोचायचं असतं. तंतूला डोळे नसतात, नकाशा नसतो. त्याच्या टोकाला पंजासारखा एक भाग असतो, तो सतत बोटं पुढे काढतो, चाचपतो, मागे घेतो. आजूबाजूच्या पेशी काही प्रथिनं सोडत असतात. त्यांतली काही त्या टोकाला आपल्याकडे ओढतात आणि काही त्याला दूर लोटतात. ओढणं आणि लोटणं दोन्ही मिळून रस्ता तयार होतो. यातली खरी गंमत अशी की तेच प्रथिन एका पेशीला ओढतं आणि दुसरीला हाकलतं. एवढंच काय, तीच पेशी लहान असताना ज्याच्याकडे धावत गेली, त्याच्याकडे थोडी मोठी झाल्यावर पाठ फिरवू शकते. प्रथिन बदललेलं नसतं. पेशी बदललेली असते.

हे पुस्तकांत आहे, जगभर माहीत आहे. मुजुमदार सरांनाही माहीत असणार, कारण ते शिकवायचे. पण त्यांच्या मनाला फक्त ओढणं पटायचं. शाळांच्या मुलांसमोर त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. "समझो आप सराफे में खड़े हो," रात्रीच्या खाऊबाजाराचं नाव घेऊन ते सुरू करत, "और कहीं जलेबी तल रही है. दिखती नहीं, पर पाँव अपने आप उधर चले कि नहीं?" मुलं हसत. भाषण चांगलं व्हायचं, हे मान्य करते. एकदा मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "सर, किसी को जलेबी अच्छी नहीं लगती हो तो?" सरांनी उलट विचारलं, "इंदौर में ऐसा कोई मिला आपको?" सभागृह हसलं आणि मुलगी खाली बसली. त्या अख्ख्या तासात विचारला गेलेला तो एकच कामाचा प्रश्न होता.

एक गोष्ट मात्र त्यांना येत होती, आणि ती नाकारली तर मी खोटं लिहिलं असं होईल. अंडं उघडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. हॅचरीतून कोंबडीची फलित अंडी येत, ती उबवून ठरावीक दिवशी उघडायची आणि आतल्या इवल्याशा गर्भातून मज्जारज्जूचा तुकडा काढायचा. आम्ही सगळे त्यात चाचपडायचो. सर गप्पा मारता मारता कवच उचलत, बारीक चिमटा आत जाई, आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान तुकडा अखंड बाहेर येई, एक थेंब रक्त न सांडता. असे हात असलेल्या माणसाला डोळे नसावेत याचा मला कायम राग यायचा. हात नसते तर मी त्यांना नुसतं टाळलं असतं.

आता त्यांचा प्रयोग. डिशमध्ये जेलचा थर, मधोमध मज्जारज्जूचा तुकडा, त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक मणी. एक मणी संकेत देणाऱ्या प्रथिनात बुडवलेला, दुसरा साध्या पाण्यात. दिसायला दोन्ही सारखे. तुकड्यातून तंतू फुटतात आणि ते कुठल्या मण्याकडे वळले हे सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. प्रथिनाचा मणी कुठला हे कळावं म्हणून डिशच्या झाकणावर त्या बाजूला लाल ठिपका काढायचा.

झाकणावर. डिशवर नाही. डिशच्या तळाला खूण केली तर ती फोटोत येते, आणि सरांना त्यांचे फोटो स्वच्छ लागत. त्यांच्या खोलीत भिंतीवर मोठे करून लावलेले फोटो होते, काळ्या पार्श्वभूमीवर चंदेरी तंतू. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या भिंतीसमोर उभा केला जाई. म्हणून प्रयोगशाळेचा नियम होता की तळाला कोणी काही लिहायचं नाही. इतका जुना नियम की कोणी त्यावर विचार करत नसे.

मोजणी सर स्वतः करत. ते सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बोलत आणि शेजारी बसलेली विद्यार्थिनी लिहून घेई. डिश ठेवली की ते आधी ठिपका बघत. मग सुरू. "हा चांगला, घे. हाही घे. हा आजारी आहे, सोड. हा आजारी. हा बघ, कसा सुंदर वळलाय, घे." ठिपक्याकडे जाणारा तंतू निरोगी आणि उलट्या बाजूला जाणारा आजारी, अशी ती विभागणी होती. आजारी तंतू मोजायचे नसत. अशा मोजणीतून दरवर्षी एकच निष्कर्ष निघे की हे प्रथिन तंतूंना ओढतं, आणि दरवर्षी सर तो नव्यानं सापडल्यासारखा सांगत. "पेशी खोटं बोलत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य.

केतकी त्यांच्याकडे पीएच.डी.ला आली तेव्हा हे सगळं असं चालू होतं.

केतकीचे आई-वडील भंवरकुआं भागात मेस चालवतात. कोचिंगला आलेली शेकडो पोरं त्यांच्याकडे जेवतात. घरात मराठी, धंद्यात हिंदी, त्यामुळे ही मुलगी दोन्हींत एकदम बोलायची आणि आपण भाषा बदलली हे तिच्या लक्षातही यायचं नाही. मेसमध्ये वाढलेल्या माणसाला एक सवय असते. कुठल्या भांड्यात काय आहे ते झाकण बघून ठरवायचं नाही, कारण गडबडीत झाकणं बदलतात. भांड्यावरच खूण हवी. तिनं आल्यावर पहिल्या महिन्यातच मला विचारलं, "मॅडम, हे टिपके झाकणावर का? रोज मीडियम बदलताना झाकणं निकालतो ना अपन?"

मी म्हटलं, सरांना विचार.

तिनं विचारलं. सर म्हणाले, परत ठेवताना नीट ठेवायचं, बस. आता ट्रेमध्ये पुष्कळ डिश असतात. झाकण काढायचं, जुनं मीडियम, म्हणजे पेशींचं पातळ खाद्य, ओढून घ्यायचं, नवं घालायचं, झाकण परत लावून ठिपका मण्यासमोर येईपर्यंत फिरवायचं. कुठल्या मण्यासमोर? दोन्ही सारखेच दिसतात. जो मणी बरोबर वाटला त्याच्यासमोर. हे काम रोज वेगवेगळी मुलगी करायची. इतकी वर्षं.

केतकीनं दुसरा प्रश्न विचारला तो मोजणीच्या वेळी. मी शेजारच्या टेबलावर काम करत होते. सर एका तंतूला आजारी म्हणाले तेव्हा ती म्हणाली, "सर, हा तर सगळ्यात लंबा आहे. बीमार असता तर इतका वाढला असता का?" सरांनी डोळे वर केले नाहीत. "तुझं काम लिहायचं," ते म्हणाले.

मग तिनं जे केलं ते कोणाला न विचारता केलं. डिश तयार करताना प्रत्येक डिशच्या तळाशी, अगदी कडेला, फोटोत येणार नाही अशा जागी, सुईनं एक बारीक चरा ओढायला लागली. ज्या बाजूला प्रथिनाचा मणी, त्या बाजूला. लाल ठिपकेही नियमाप्रमाणे काढले. मला तिनं सांगितलं. कल्चर रूममध्ये काय चाललंय ते मला माहीत असायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी विचारलं, सरांना कधी सांगणार? "मोजून झाल्यावर. पहले सांगितलं तर डिशच फेकतील."

तिनं दोन वयांचे गर्भ घेतले होते, लहान आणि त्याहून थोडे मोठे. सर बसले, मोजणी झाली, सगळं नेहमीसारखं. लहान काय न मोठे काय, सगळे निरोगी तंतू ठिपक्याकडे. सर खूश झाले, उठले, पाठ ताणली. तेव्हा केतकीनं एक डिश उचलून उलटी धरली आणि कडेचा चरा दाखवला.

"सर, खरा मणी या बाजूला होता. टिपका दुसऱ्या बाजूला आलाय."

सरांनी डिश हातात घेतली. चष्मा वर केला. ती पुढची डिश देत गेली, ते बघत गेले. काहींत चरा आणि ठिपका एका बाजूला होते, काहींत समोरासमोर. जवळपास निम्म्या डिशांमध्ये सरांनी प्रथिनाच्या मण्याकडे गेलेले म्हणून जे तंतू मोजले होते, ते साध्या पाण्याच्या मण्याकडे गेलेले होते. तिथे ठिपका होता, म्हणून ते निरोगी ठरले होते. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. कोणीही बसला असता.

सर म्हणाले, "खालून कोणी लिहिलं? तळाला लिहायचं नाही असा नियम आहे ना?"

"मी लिहिलं सर. म्हणजे चरा ओढला. फोटोत नाही येत."

"नियम मोडलास तू."

"सर, पर डेटा पहा ना. चऱ्याप्रमाणे सगळे तंतू मोजले, बीमारवालेही, तर छोट्या गर्भांचे मण्याकडे जातात. आणि बड्या गर्भांचे दूर. साफ दिसतंय. म्हणजे वयानं संकेत उलटतोय."

मला ते ऐकताना कळलं की या मुलीनं सरांची चूकच फक्त शोधलेली नाही. त्या चुकीखाली जे खरं उत्तर इतकी वर्षं दाबलं गेलं होतं, तेही तिनं काढलंय. शहाण्या माणसानं तिथल्या तिथे ते आपलं करून घेतलं असतं. पेपरवर पहिलं नाव तिचं, शेवटचं यांचं, आणि निवृत्तीपर्यंत मान. मुजुमदार सरांना तेवढा स्वार्थही जमला नाही.

"पेशी खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "मुली बोलतात."

आणि खुंटीवरचा कोट घालून जेवायला गेले.

त्यानंतर केतकीचं काम थांबलं. सर तिच्याशी बोलत नसत. तिला अंडी मिळेनात, तिच्या प्रगती अहवालावर सही होईना. अहवाल वेळेत गेला नाही तर नोंदणी रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं, तेही मार्गदर्शकानं हाकललेली मुलगी म्हणून. दुसरा मार्गदर्शक घेता येतो, पण त्याला पहिल्याची ना-हरकत लागते. ती सर देत नव्हते आणि तिला सोडतही नव्हते. "माझ्याकडे आली आहे, माझ्या पद्धतीनं करेल," असं प्राचार्यांना सांगून त्यांनी विषय मिटवला होता.

एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "मॅडम, मम्मी म्हणते सोडून दे, मेसचा हिसाब बघ. काय करू?"

मी तिला विचारलं, काम बरोबर आहे याची खात्री आहे का. आहे म्हणाली. मग सोडायचं कशाला, मी म्हटलं. माझ्याकडे विद्यार्थ्याची एक जागा रिकामी होती. यात थोरपणा काही नाही, काम चांगलं होतं आणि जागा होती. प्रश्न फक्त सरांच्या सहीचा.

मुजुमदार सरांना विनंती केली तर ते नाही म्हणत, भांडण केलं तर त्यांना मजा येई. पण चार परके लोक बघत असले की त्यांना मोठ्या मनाचं असल्याशिवाय राहवत नसे. कॉलेजच्या तपासणीला बाहेरगावची समिती आली तेव्हा सरांनी तिलाही फोटोंच्या भिंतीसमोर उभं केलं. सर रंगात आले होते. तेव्हा मी ना-हरकतीचा अर्ज आणि पेन घेऊन आत गेले आणि समितीच्या अध्यक्षांना म्हटलं, "आमच्या सरांचं विशेष बघा. स्वतःची चांगली विद्यार्थिनी दुसऱ्या विभागाला देताहेत, आपलं नावही मागत नाहीत. अशी पद्धत आता राहिलीय कुठे?"

अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, वाह. सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, तेवढी बुद्धी होती. पण वाह ऐकून झालं होतं. "आमच्याकडे द्यायची पद्धत आहे," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. झोकदार सही, खाली दोन रेघा.

पुढे केतकीनं सगळं परत केलं, माझ्या विभागात, तळाला खूण करून. मोजणारी व्यक्ती वेगळी ठेवली, कुठली खूण कशाची आहे हे तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुठलाही तंतू आजारी धरला नाही. निकाल तोच आला. लहान वयात ओढ, थोडं मोठं झाल्यावर पाठ. पुढे तिनं त्या पेशींच्या आत काय बदलतं तेही बऱ्यापैकी शोधलं. अंडी उघडण्यात मात्र ती शेवटपर्यंत सामान्य राहिली. बरेच तुकडे फाटायचे. त्या वेळी सरांचे हात आठवायचे आणि माझा राग परत ताजा व्हायचा. ते त्याच मजल्यावर होते, रोज दारावरून जात होते, आणि ज्या एका गोष्टीत त्यांचा खरोखर उपयोग होता ती करायला ते आत आले नाहीत.

तिची खुली मौखिक परीक्षा झाली तेव्हा सर निवृत्तीच्या उंबऱ्यावर होते. पहिल्या रांगेत मधोमध बसले, कोट घालून. केतकीचे वडील मेसमुळे येऊ शकले नव्हते, आई आली होती, ठेवणीतली साडी नेसून, मागे कोपऱ्यात. केतकी छान बोलली. जेथे उत्तर माहीत नव्हतं तेथे माहीत नाही म्हणाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई जुन्या जाणत्या होत्या, त्यांनी तिला चांगलं पिळून काढलं. जुन्या मोजणीबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा केतकीनं झाकणाची गोष्ट सांगितली, कोणाचंही नाव न घेता, जणू उपकरणातला दोष सांगावा तशी. सरांनी त्या वेळी मान डोलावली. दुसऱ्या कोणाची तरी चूक ऐकावी तसे ते ऐकत होते. मी आजवर पुष्कळ निर्लज्ज माणसं पाहिली आहेत, पण ती निदान कुठे तरी अडखळतात.

पदवीची शिफारस जाहीर झाली. टाळ्या झाल्या. केतकीची आई पुढे आली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. सर मोठे आहेत आणि मुलगी आधी त्यांच्याकडे होती एवढंच ठाऊक. तिनं मुलीला कोपरानं पुढे केलं. "सरांच्या पाया पड."

केतकी वाकली. आईसमोर वाद घालणारी ती नव्हे. सरांनी हात तिच्या डोक्यावर ठेवला, तिथेच राहू दिला, आणि तिच्या डोक्यावरून परीक्षक बाईंना म्हणाले, "माझ्याच प्रयोगशाळेतलं काम आहे हे. मीच लावलंय तिला या विषयात. आता पेपर निघेल आमचा."

केतकी सरळ उभी राहिली. हात आपोआप बाजूला झाला.

"पेपर गेलाय सर," ती शांतपणे म्हणाली. "मॅडम आणि मी. तुमचं नाव नाही त्यात."

आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परीक्षक बाईंनी चष्मा पुसायला काढला. सर चहात साखर नको असल्याचं शिपायाला सांगायला वळले.

नंतर मी सभागृह आवरत होते, तिथल्या खिडकीतून फाटक दिसतं. परीक्षक बाईंना स्टेशनला न्यायला गाडी लागली होती. मुजुमदार सर सगळ्यांच्या आधी खाली पोचले होते. त्यांनी मागचं दार उघडलं, ते धरून उभे राहिले, दुसरा हात किंचित पुढे, या बसा अशा अदबीनं. बाई पायऱ्या उतरल्या. सोबत केतकी होती, आणि दोघी कसल्याशा पुढच्या प्रयोगावर इतक्या बोलत होत्या की बोलता बोलता गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. केतकीनं तिकडचं दार उघडलं. बाई आत बसल्या, काच खाली करून अजून काहीतरी सांगत राहिल्या.

इकडे सर दार धरून उभे होते. आत वाकून त्यांनी काहीतरी म्हटलं. बाईंचं तोंड दुसरीकडे होतं. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं आणि खूण केली की दार लावा. सरांनी ते लावलं. नीट बसलं नाही म्हणून पुन्हा उघडून लावलं.

गाडी निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत तिच्यामागे चालत गेले, हात वर करून. आतून कोणी हात केला का ते मला वरून दिसलं नाही. मी थांबूनही पाहिलं नाही. केतकीची आई दाराशी पर्स धरून उभी होती, संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेआधी तिला भंवरकुआंला पोचायचं होतं, आणि मी तिला स्कूटरवर सोडते म्हटलं होतं.